सुंगटांच्या नदीचा पत्ता

झरंगवाडीच्या बाबली तारीचं एक ठाम मत होतं. देव सगळं जाणतो हे खरं, पण त्याच्यामागे कामं किती! अख्खी किनारपट्टी त्याच्या गळ्यात. तेव्हा त्याला पत्ता नीट सांगायचा. वाडी कुठली, घर कोणाचं, विहीर डाव्या हाताला की उजव्या, सगळं. नाहीतर त्याने दिलेला आशीर्वाद भलत्याच्याच दारात जाऊन पडायचा, आणि मग बोंब मारून उपयोग नाही.

हे मत फुकाचं नव्हतं. वाडीच्या राखणदारापुढे गाऱ्हाणं घालण्याचा मान तारींच्या घराकडे. नवी होडी पाण्यात लोटायची असो, कोणाचं लग्न ठरलेलं असो, कोणी नोकरीसाठी लांब निघालेलं असो, वडाखालच्या त्या काळ्या पाषाणासमोर नारळ धरून बाबलीच उभा राहायचा. पंचाहत्तरी ओलांडली तरी आवाज असा खणखणीत की खाडीपलीकडची कुत्री भुंकायला लागत. तो "बा देवा म्हाराजाऽ" म्हणून एकेक मागणं मागायचा, आणि प्रत्येक मागण्यामागून अख्खी वाडी ओरडायची, "व्हय म्हाराजा!"

एकदा मात्र त्याची चूक झाली होती. शेजारच्या तुकारामाचा मुलगा प्रीतम पुण्याला निघाला, तेव्हा बाबली घाईघाईत नुसतं "पुण्याक" म्हणून मोकळा झाला. पोरगा चपला झिजवत फिरला, पण नोकरी काही लागेना. शेवटी कळलं की तो राहतो हिंजवडीला. बाबलीने दुसरा नारळ घेतला, हिंजवडी, फेज, बिल्डिंग, विंग सगळं देवाच्या कानावर घातलं, आणि बघता बघता प्रीतमला नोकरी लागली.

"देव बिचारो तेका सदाशिव पेठेत शोधीत रवलो," बाबली सांगायचा. "तेची काय चूक?"

तर अशा या बाबलीच्या नातीला, दिव्याला, आफ्रिकेत नोकरी लागली.

दिव्या म्हणजे त्याच्या मंगेशची एकुलती एक लेक. मंगेश होडीतून पर्यटकांना समुद्र दाखवतो, त्याची बायको किशोरी मालवणच्या बाजारात मासे विकते, आणि आईबाप कामावर असताना दिव्या वाढली ती आजोबाच्या मांडीला मांडी लावून, जाळं विणत. पुढे रत्नागिरीला जाऊन मत्स्यशास्त्र शिकली, एका बीजकेंद्रात कामाला लागली, कोळंबीची, म्हणजे वाडीच्या बोलीत सुंगटांची, पिल्लं कशी जगवायची यात तिचा हात बसला. पण घरी आली की पुन्हा आजोबाशेजारी. त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या तिच्या हातातून, त्याची भांडणं तिच्याशी, त्याचा चहाही तिनेच केलेला लागायचा. आणि आता ती म्हणत होती, दोन वर्षांसाठी कॅमेरूनला जाते.

"ह्यो खंयचो गाव?"

"गाव नाय आजानू, देश. आफ्रिकेत. थंय सुंगटांच्या केंद्रात काम आसा."

"सुंगटां हंय संपली?" बाबलीने विचारलं आणि जाळ्यात मान घातली.

बाकी सगळं घर हरखलं होतं. किशोरीने बाजारात गिऱ्हाईकांना कोळंबीबरोबर ही बातमीही वाटली. निघायचा दिवस जवळ आला तशी एका सकाळी वाडी वडाखाली जमली. बाबली धूतवस्त्र नेसून आला. नारळ कपाळाला लावला आणि सुरू झाला.

"बा देवा म्हाराजाऽ! बारा वाटांच्या, बारा पाण्यांच्या राखणदारा! ही झरंगवाडीची, तारींच्या घरातली, मंगेशाची लेक दिव्या!"

"व्हय म्हाराजा!"

"हंयसून गोंयात मोप्याच्या विमानतळार जातली, थंयसून मुंबैक जातली!"

"व्हय म्हाराजा!"

"मुंबैसून दर्यो वलांडून जातली ती..." आणि बाबली थांबला. नारळ हातात तसाच. दिव्याला वाटलं, आजोबाला चक्कर आली की काय. तेवढ्यात बाबलीने मागे वळून विचारलं, "कॅमेरून म्हंजे काय?"

"व्हय म्हाराजा!" तुकाराम सवयीने ओरडला.

सगळे हसले. बाबली हसला नाही. त्याने नारळ न फोडताच पाषाणासमोर ठेवला आणि हात झाडले. "पत्तो अर्धो आसा. जेच्या नावाचो अर्थ माका म्हायत नाय, तो मुलूख मी देवाक सांगू कसो? अर्थ कळल्याशिवाय मी गाऱ्हाणा पुरा करूचंय नाय."

"आणि हिंजवडीचो अर्थ तुका कोणी सांगितल्यान होतो रे?" तुकारामाने विचारलं.

"तो प्रश्न वेगळो," असं म्हणून बाबली घराकडे चालू पडला.

आता झरंगवाडीत गाऱ्हाणं अर्धं राहणं ही काही साधी गोष्ट नव्हती. अर्ध्या गाऱ्हाण्यावर कोणी उंबरा ओलांडत नाही. देवापुढे ठेवलेला नारळ परतही उचलता येत नाही. तो तिथे वडाखाली तसाच पडून राहिला, शेंडी वर करून, आणि येणारा-जाणारा त्याच्याकडे बघून च्च च्च करू लागला. किशोरी सकाळी माशांची टोपली घेऊन निघाली की त्या बाजूला बघायचीच नाही. संतापाने तिच्या बांगड्या वाजायच्या, तोंडाने मात्र सासऱ्याला काही बोलली नाही. म्हणजे तेव्हा तरी नाही.

दिव्याही शेवटी बाबलीचीच नात. दुपारी ती मोबाइल घेऊन खळ्यात, घरापुढच्या अंगणात, आजोबासमोर बसली. "इचारा," म्हणाली. "काय होया तां इचारा."

"कॅमेरून."

दिव्याने नकाशा उघडून बोट ठेवलं. पाचसाडेपाचशे वर्षांपूर्वी पोर्तुगीजांची गलबतं या किनाऱ्याने खाली उतरत होती. एका नदीच्या मुखाशी आली तर पाण्यात कोळंबीच कोळंबी. त्यांनी नदीला नाव ठेवलं, कोळंब्यांची नदी. त्यांच्या भाषेत कोळंबीला कामारांव म्हणतात. नदीचं नाव किनाऱ्याला लागलं, किनाऱ्याचं देशाला, आणि तोंडातोंडी त्याचं झालं कॅमेरून.

"पोर्तुगीज? आमच्या गोंयातले?"

"तेच."

"मेले थंय पण पोचले!" बाबलीच्या हातातली जाळं विणायची सुई थांबली. "म्हंजे नदीत सुंगटां दिसली म्हणून अख्ख्या देशाचा नाव सुंगटां? बरा झाला गो, हेंका आमच्या दर्यात बांगडे दिसूक नाय. नायतर आमी आज बांगडेस्तानात रवत असलो!"

आणि तो हसला. खूप दिवसांनी हसला म्हणून दिव्यालाही हसू आवरेना. तिला वाटलं, झालं काम.

कसलं होतंय! दुसऱ्या दिवशी बाबली म्हणाला, "गाऱ्हाण्यात वाटेवरचे राखणदार पण घेवक होये. विमान कोणाकोणाच्या डोक्यावरसून जाता तां सांग."

विमान आधी अदिस अबाबाला उतरणार होतं. दिव्याने शोधलं, तर त्या शहराच्या नावाचा अर्थ निघाला नवं फूल. बाबलीला ते फार आवडलं. "देवाक सांगूक सोपा." पण तो देश इथिओपिया. जुन्या काळच्या ग्रीक लोकांनी तिकडच्या माणसांना म्हटलं, उन्हाने भाजल्या तोंडाचे. बाबलीने आपल्या रापलेल्या गालावरून हात फिरवला. पुढे दक्षिण सुदान. ते नाव अरबांचं. अर्थ, काळ्या माणसांचा मुलूख.

"थांब," बाबली म्हणाला. "ह्यो म्हणता काळे, तो म्हणता भाजके. आणि ती माणसां आपणाक काय म्हणत? तेंका कोणी इचारल्यान?"

दिव्याने पुढचा देश सांगितला, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक. नावाचा अर्थ वेगळा सांगायची गरजच नव्हती.

"म्हंजे मधलीवाडी," बाबली खूश होऊन म्हणाला. "ता काय, खंयच्याय गावात आसताच."

तसं बघितलं तर इथे वाट संपली. मधलीवाडीच्या पुढे कॅमेरून. पण बाबलीची चौकशी काही संपेना. शेजारी कोण, पलीकडे कोण, त्याच्या पलीकडे कोण. रोज दुपारी जेवण झालं की खळ्यात शाळा भरायची. तुकारामही सुपारी कातरत येऊन बसायचा. गॅबन का, तर खाडीचा आकार पोर्तुगीजांना टोपीवाल्या झग्यासारखा दिसला. सिएरा लिओन म्हणजे सिंहिणींचे डोंगर. "सिव्हीणी थंय होत्यो काय खरोखर?" बाबलीने विचारलं. दिव्या म्हणाली की कोणी म्हणतात डोंगराचा आकार तसा, कोणी म्हणतात ढग तसे गरजायचे, नक्की कोणालाच माहीत नाही. मग आयव्हरी कोस्ट, हस्तिदंताचा किनारा.

"प्रत्येकान येवन काय बघितल्यान, तर आपणाक काय नेवक गावता तां," बाबली म्हणाला. "सुंगटां बघितली, दात बघितले. माणसां कोणाक दिसली नाय."

"तू रागावतंस कित्याक?" तुकाराम म्हणाला. "तुझो मंगेश तरी काय करता? म्हातारीच्या खडपाक तो सेल्फी रॉक म्हणून आराडता ना होडयेतसून?"

हे बाबलीच्या वर्मावर बोट होतं. वाडीसमोर समुद्रात एक खडक आहे, वाकून बसलेल्या बाईसारखा. बाबलीच्या पणजोबापासून सगळे त्याला म्हातारी म्हणत आले. पर्यटक यायला लागले आणि त्या म्हातारीचा एका हंगामात सेल्फी रॉक झाला. नाव ठेवणारा दुसरा कोणी नव्हे, खुद्द मंगेश. तेव्हा बाबली मुलाशी अबोला धरून बसला होता.

"म्हणूनच रागावतंय," तो म्हणाला. "माका म्हायत आसा, नाव कसा जाता तां."

पण सगळीच नावं बाहेरच्यांनी ठेवलेली नव्हती, आणि ती ऐकताना म्हाताऱ्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. घानाला इंग्रज गोल्ड कोस्ट म्हणत. स्वतंत्र झाल्यावर त्या लोकांनी ते नाव टाकून एका जुन्या आफ्रिकी राज्याचं नाव घेतलं. झिंबाब्वे म्हणजे दगडी घरं. "चिऱ्याची घरां! आमच्यासारखी!" बुर्किना फासो म्हणजे ताठ मानेच्या माणसांचं बापजाद्यांचं घर. हे नाव बाबलीने तीनदा म्हणवून घेतलं. टोगो म्हणजे पाण्याचा काठ. आणि सेनेगलचे लोक सांगतात की आमच्या देशाचं नाव म्हणजे आमची होडी.

"आमची होडी," बाबली हळूच म्हणाला. "देशाचा नाव होडी."

"पंडितांका ता पटत नाय हां आजानू. ते येगळाच सांगतत."

"पंडित होडयेत बसले होते? होडी जेंची तेंका इचार."

एवढ्यात किशोरी बाजारातून आली. रिकामी टोपली तिने खळ्यात दाणकन आपटली.

"मामंजी, कॅमेरूनाक जाताना वाटेत सेनेगल खंय इला? टोगो खंय इला?"

तुकारामाला अचानक घरचं काम आठवलं, तो सुपारी खिशात टाकून निघाला.

"परवा माझ्या चेडवाचा विमान आसा," किशोरी म्हणाली. "थंय वडाखाली नारळ सुकान गेलो. तुमका अर्थ-बिर्थ काय नको आसा. घोडा खंय पेंड खाता तां माका म्हायत आसा. तुमका दिव्याक धाडूचाच नाय."

असं सासऱ्याच्या तोंडावर ती जन्मात बोलली नव्हती. बोलून झाल्यावर स्वतःच घाबरली आणि आत निघून गेली. बाबली जाळ्याच्या गाठी सोडवत बसला. ज्या गाठी सोडवत होता त्या चांगल्या घट्ट बसलेल्या होत्या, हे दिव्याने पाहिलं आणि त्याच्या हातातून जाळं काढून घेतलं.

"खरा काय आजानू?"

"खरा आसा." बाबलीचा खणखणीत आवाज एवढासा झाला होता. "भियेतंय गो मी. दुबैक गेलं असतंस तर थंय तुकारामाचो धाकटो भाव आसा. कुवेतीत अर्धी वाडी आसा. थंय कोण आसा तुझा? ताप इलो, पाय मुरगाळलो, कोण धावतलो? हंय देवाक मी सांगतलंय, पण तो आमचो देव. झरंगवाडीचो राखणदार. तेका थंय कोण वळाखता? थंय तुझ्यासाठी उभो रवणारो कोण आसा, तां सांग माका."

दिव्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पुसलं नाही. "गाऱ्हाणा झाल्याशिवाय मी जावचंय नाय," ती म्हणाली. "तुमी नाय म्हणा, मी रवतंय. पण मगे आजानू, रोज सकाळी तुमका चाय देताना मी तुमच्या तोंडाकडे कसा बघू?"

त्या दिवशी बाबली जेवायला बसला, पण माशाला हात लावला नाही. माशाला हात न लावणारा तारी झरंगवाडीने तोवर पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दिव्या म्हणाली, "आजानू, सदरो घाला. थंयच्या माणसाक इचारूया."

तिकडच्या केंद्राची प्रमुख एस्तेल नावाची बाई होती. दिव्याच्या मुलाखतीपासून तिची-दिव्याची ओळख. व्हिडिओ लागला. डोक्याला पिवळं धमक फडकं बांधलेली, दणदणीत हसणारी बाई दिसली. मागे केळीची झाडं होती. बाबली म्हणाला, "ही तर कुडाळची वाटता." दिव्याने इंग्रजीत त्याची ओळख करून दिली. एस्तेलने हात जोडले.

बाबली घसा खाकरून, कॅमेरून लांब आहे हे लक्षात घेऊन, मोठ्याने ओरडला, "तुमच्या देशाचा नाव पोर्तुगीजांनी ठेयला, तां रवांदे! तुमी त्या नदीक काय म्हणतत?"

"वूरी," एस्तेल म्हणाली.

"वूरी म्हंजे काय?"

दिव्याने विचारलं. एस्तेल हसत सुटली. वूरी म्हणजे वूरी, म्हणाली. नदीला कोणी अर्थ विचारतं का? मग म्हणाली, थांबा, आजोबांना विचारते. आणि मान वळवून हाक मारली.

पडद्यावर एक म्हातारा आला. पांढरी बंडी, हडकुळे खांदे, कानामागे हात धरलेला. एबेले आजोबा. जन्म नदीवर गेलेला, होडीवाला. तो फोनमध्ये डोकावला, इकडून बाबली डोकावला, आणि बराच वेळ दोघे म्हातारे एकमेकांना नुसते न्याहाळत राहिले.

आधी मासळीचं बोलणं झालं. बाबलीने विचारलं, ती सुंगटं अजून येतात काय? एबेले आजोबांनी दोन्ही हात पसरून दाखवलं. काही वर्षांनी एकदा नदीत असा लोट येतो की लोक टोपल्या घेऊन होड्यांत धावतात. "आमची तारली येता तशी!" बाबली ओरडला. तिकडून काहीतरी आलं, इकडून काहीतरी गेलं. मध्ये दिव्या आणि एस्तेल भाषांतर करून करून दमल्या. तुकाराम, मंगेश, किशोरी, शेजारपाजार, सगळे हळूहळू खळ्यात गोळा झाले.

मग एबेले आजोबांनी एक प्रश्न विचारला. एस्तेलने तो दिव्याला सांगितला.

"काय म्हणता तो?" बाबलीने विचारलं.

"आजानू, ते म्हणतत, चेडू खंयच्या गावचा? परक्या माणूस पाण्यार काम करूक इला तर आदी नदीक सांगूचा लागता. मी काठार उभो रवान सांगतलंय. पण गावाचा नाव सांगा, आणि नावाचो अर्थ सांगा. नायतर नदी तेका वळाखतली कशी?"

तुकारामाने मांडीवर थाप मारली. "घे मेल्या! शेरास सव्वाशेर भेटलो!"

बाबलीचं तोंड उघडं ते उघडंच. झरंगवाडी. जन्मापासून त्याच्या तोंडात असलेलं नाव. देवापुढे किती वेळा उच्चारलं असेल! झरंग म्हणजे काय? झाड? मासा? माणूस? त्याने तुकारामाकडे पाहिलं, तुकारामाने खांदे उडवले. बापाने सांगितलं नव्हतं, आजाने सांगितलं नव्हतं. साऱ्या आफ्रिकेकडे अर्थ मागत फिरलेला माणूस स्वतःच्या अंगणात गारद झाला होता.

तिकडे म्हातारा कानामागे हात धरून वाट बघत होता. त्याला घाई नव्हती.

बाबलीने एकदा दिव्याकडे पाहिलं. मग समुद्राकडे पाहिलं. म्हातारीच्या खडपाला वळसा घालून कोणाची तरी होडी किनाऱ्याकडे येत होती.

"तेका सांग," तो म्हणाला, आणि आवाज पुन्हा त्याचा होता. "होडी जंय परत येता, तेका झरंग म्हणतत."

"ह्यो अर्थ मी कधी आयकूक नाय," तुकाराम पुटपुटला.

"आता आयकलंस मा? मगे गप."

दिव्याने सांगितलं. एस्तेलने आजोबांच्या कानात सांगितलं. एबेले आजोबांनी मान हलवली, दोनदा, आणि ते शब्द आपल्या भाषेत घोळवून बघितले. मग छातीवर हात ठेवला.

बाबली उठलाच. "चला," म्हणाला. "नारळ थांबलोसा. फोन बंद करू नको गो, तेंका पण घेवन चल."

वाडी धावत वडाखाली गेली. धूतवस्त्र नेसायला वेळ नव्हता, बाबली सदऱ्यानिशीच उभा राहिला. सुकलेला नारळ उचलून कपाळाला लावला. दिव्याने फोन उंच धरला.

"बा देवा म्हाराजाऽ! अर्ध्यार सोडलेला गाऱ्हाणा पुरा करतंय, चूकभूल पदरात घे!"

"व्हय म्हाराजा!" वाडी ओरडली. आणि सगळं शांत झाल्यावर क्षणभराने, फोनमधून, उशिराने, एस्तेलचा आवाज आला, "वोय माराजा!"

पोरं फिदीफिदी हसायला लागली. बाबलीने हात वर करून गप्प केलं.

"ही मंगेशाची लेक नव्या फुलाच्या गावार उतारतली, मधलीवाडयेवरसून जातली! भायल्या माणसांनी जेका सुंगटांचो देश म्हटल्यानी आणि घरच्या माणसांनी जेच्या पाण्याक वूरी म्हटल्यानी, थंय पोचतली!"

"व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाणं घालताना बाबली कधी कोणासाठी थांबत नसे. त्या दिवशी मात्र प्रत्येक मागण्यानंतर तो थांबला. वाडीचा आवाज विरायचा, मग समुद्रापलीकडून ते मागे राहिलेलं "वोय माराजा" यायचं, आणि मगच बाबली पुढचं बोलायचा.

"वूरीच्या राखणदारा, आमी तुका वळखणव नाय, पण तू आमच्या चेडवाक वळाख! तेच्या वाटेतला वाकडा तां सरळ कर! काम बरा होऊंदे, आंग बरा रवांदे, आणि जंय होडी परत येता थंय तेका परत घेवन ये म्हाराजाऽ!"

वाडी अशी ओरडली की खाडीपलीकडची कुत्री भुंकली. नारळ सुकलेला असूनही एका फटक्यात सरळ फुटला. किशोरीने पदराने डोळे पुसले आणि मंगेशच्या पाठीत धपाटा घातला, का ते तिलाही ठाऊक नसावं.

दिव्या गेली. पहिले काही दिवस बाबलीला कोणाच्याच हातचा चहा गोड लागेना. नंतर तो स्वतः करायला शिकला, आणि तोच कसा चांगला होतो हे वाडीभर सांगत सुटला. मंगेशही एकदा होडीतून पर्यटकांना म्हणाला की तो बघा म्हातारीचा खडप. कोणीतरी विचारलं, सेल्फी रॉक तो कुठला? मंगेश म्हणाला, तोच, पण घरी जाब विचारतात.

मग डिसेंबरात एका दुपारी फोन आला. खळ्यात बाबली, तुकाराम, किशोरी सगळेच होते. पडद्यावर रुंद, मातकट नदी दिसत होती, काठावर माणसं. तिकडे सणाचे दिवस होते. दिव्या अंगाने जरा भरली होती आणि चांगलीच रापली होती. "बोलू नकात हां," ती कुजबुजली. "आजोबा सांगतत नदीक."

एबेले आजोबा गुडघाभर पाण्यात उभे होते. हातात एक वाटी, पाठ कॅमेऱ्याकडे. ते लयीत, मोठ्याने काहीतरी बोलत होते, आणि थांबले की मागची माणसं एका आवाजात काहीतरी म्हणत होती. बाबलीला त्यातला एक शब्द कळत नव्हता. तरी तो सावरून बसला. हे सगळं त्याच्या ओळखीचं होतं.

एकदम त्या परक्या बोलण्यात एक शब्द आला. झरंग.

"काय म्हटल्यान?" बाबलीने किशोरीचा हात घट्ट धरला.

दिव्याचा आवाज हळूच आला. "म्हणतत, होडी जंय परत येता, त्या गावचा ह्या चेडू. हेका आमचा समज."

बाबलीला राहवलं नाही. तो खळ्यात उठून उभा राहिला आणि सगळा जीव गोळा करून ओरडला, "व्हय म्हाराजा!"

आवाज पोचायला क्षणभर लागला. मग तिकडे काठावरची सगळी माणसं वळून फोनकडे बघायला लागली. एबेले आजोबा तेवढे वळले नाहीत. पुढचं बोलायच्या आधी तो म्हातारा, पाण्यात तसाच उभा, त्या उशिरा येणाऱ्या आवाजासाठी थांबला होता.